मोरिवलीचे अंगण

मोरिवलीत पहिल्यांदा येणाऱ्याने खाली पाहून चालावे. वर पाहण्यासारखेही पुष्कळ आहे. आभाळ स्वच्छ असेल तर मलंगगडाचा डोंगर दिसतो, जवळ कारखान्यांच्या चिमण्या आहेत. पण रिक्षातून उतरताच पाय पडतो तो पेव्हर ब्लॉकवर, आणि पावसाळ्यात त्यातला कोणता ब्लॉक पक्का नि कोणता डोलणारा हे पाय ठेवल्याशिवाय कळत नाही. डोलणाऱ्या ब्लॉकखाली पाणी साचलेले असते. त्यावर पाय दिला की ते पिचकारीसारखे उडते आणि सलवारीचा पायचा चिखलाने माखतो. शाळेत जाणाऱ्या मुलांना असे ब्लॉक तोंडपाठ असतात. ती ते बरोबर चुकवतात, किंवा मुद्दाम त्यावर उडी मारतात. सोबत कोण चालले आहे यावर ते अवलंबून!

मोरिवली हे मुळात भातखाचरांचे गाव. १९६२ मध्ये राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, अंबरनाथभोवती औद्योगिक वसाहत वाढत गेली आणि बाहेरच्या माणसाला हे गाव 'मोरिवली एमआयडीसी' म्हणूनच माहीत झाले. पलीकडे उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ती कल्याण छावणी; १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. वालधुनी नदी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून तिकडेच वाहत जाते. काळ्या पाषाणाच्या त्या मंदिरात इ. स. १०६० चा शिलालेख आहे. म्हणजे दगडावर दगड बसवण्याची विद्या या भागाला नवी नाही. आज मात्र रस्त्याच्या कडेला, मशिदीच्या सहनात, शाळेच्या आवारात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिथे पाहावे तिथे सिमेंटचा ब्लॉक आहे.

या मोरिवलीत माझी खाला राहते. खालू कारखान्यात फिटर होते. त्यांनी बांधलेले दोन खोल्यांचे घर, पुढे वीस फूट बाय पंधरा फूट अंगण, एका कोपऱ्यात त्यांच्याच हातचे जांभळाचे झाड. लहानपणी आम्ही सुट्टीत जायचो तेव्हा अंगण मुरमाचे होते. खालू दर उन्हाळ्यात धुम्मस घेऊन ते ठोकून काढत. पुढे शहाबादी फरशी आली. खालूंच्या इंतिकालनंतर फरशा फुटू लागल्या, तेव्हा शारजाला नोकरी करणाऱ्या माझ्या खालेजाद भावाने पैसे पाठवले आणि ब्लॉक बसले. लाल-पिवळे, चकचकीत. ईदला आलेल्या प्रत्येकाने तारीफ केली.

दुसऱ्या पावसाळ्यात फाटकापासून नळापर्यंत अंगण खचले. स्कूटरच्या चाकाच्या दोन पन्हाळी पडल्या. तिसऱ्या पावसाळ्यात फजरच्या वजूला उठलेल्या खालाचा पाय उचललेल्या ब्लॉकच्या कडेला लागला आणि ती हातावर पडली. मनगटाचे हाड मोडले. पासष्टीनंतर मोडलेले मनगट पूर्वीसारखे होतेच असे नाही; भाकरी थापणे त्या दिवसापासून सुटले ते सुटलेच.

भावाचे म्हणणे स्पष्ट होते. व्हिडिओ कॉलवर तो सांगायचा, "अम्मी, सगळं उखडून टाका. वरून सहा इंच काँक्रीट ओता. झाड काढा, मुळं त्रास देतात." खालाला झाड काढायचे नव्हते. शिवाय समोरच्या आगरी मावशींशी आधीच कुरबुर चालू होती. ब्लॉक बसल्यापासून आमच्या अंगणातले पावसाचे पाणी थेट त्यांच्या ओट्याला जाऊन भिडत होते. तीस वर्षे शिरखुर्मा आणि पुरणपोळीची देवाणघेवाण असलेल्या दोन घरांत नुसते 'कसं आहे, बरं आहे' एवढेच उरले होते. खालाला मनगटापेक्षा याचेच दुःख जास्त. शेजाऱ्याचा हक्क काय असतो हे तिला कोणी शिकवायला नको, पण पाण्याला कसे समजवावे?

गेल्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि मी पंधरा दिवस मोरिवलीला राहिले. ब्लॉक पुन्हा बसवण्याचे काम माझ्यासमोर झाले. मी शिक्षिका आहे, गवंडी नाही. पण जिथे काही चालले असेल तिथे जाऊन उभे राहण्याची आणि प्रश्न विचारण्याची खोड या पेशात लागतेच. काम करणारा मुकादम परभणीकडचा. बोलायला कमी, पण विचारले की सांगायचा.

पहिल्या दिवशी त्याने जुने ब्लॉक काढले आणि लोखंडी सळई जमिनीत टोचली. दोन-तीन इंच भुकटीतून ती सहज गेली, आणि पुढेही थांबली नाही. खाली काळी चिकण माती, भातखाचराची. मधे खडी नाही, मुरूम नाही. "बाई, हे अंगण नाही, भाताच्या शेतावर सतरंजी अंथरलीय," तो म्हणाला.

अंगण का खचले याचे उत्तर तिथेच मिळाले. ब्लॉक फुटले नव्हते. हजार-अकराशे ब्लॉकपैकी पाच-सहाच तुटके निघाले. ब्लॉक हा भार सोसण्यापेक्षा भार खाली वाटून देण्याचे काम करतो. खाली पक्के काही नसेल तर तो काय करणार? चिकण माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि मऊ पडते. ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या पावसात अशी माती लोण्यासारखी दबते, वरची भुकटी तिच्यात मिसळते आणि ब्लॉक तिच्यामागोमाग उतरतात.

आणि हे वारंवार का घडते? याचे कारण मला बिलात सापडले. ब्लॉकचे काम स्क्वेअर फुटावर मोजले जाते. वरून दिसणाऱ्या क्षेत्रफळाचे पैसे मिळतात. खालच्या खोलीचे कोणी मोजत नाही. पहिल्या ठेकेदाराने तीनशे स्क्वेअर फुटांचे पैसे घेतले आणि तीनशे स्क्वेअर फूट ब्लॉक दिले, हिशेब बरोबर! म्हणून या वेळी खालाने मुकादमाशी वेगळा करार केला. खोदाईनंतर एक हप्ता, खडी-मुरूम दाबून झाल्यावर टेप लावून जाडी दाखवली की दुसरा, आणि ब्लॉक बसल्यावर तिसरा. मुकादमाला राग आला नाही. उलट तो म्हणाला, "असं मोजून घेणारं गिऱ्हाईक असलं की आम्हालाबी नीट काम करता येतं. नाहीतर स्वस्तात करणारा दुसरा उभाच असतो."

काम कसे झाले ते सविस्तर सांगते, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी, मशिदीत किंवा कब्रस्तानाच्या वाटेवर आज ना उद्या हे काम निघणार आहे.

फूटभर खोदले. तीनशे स्क्वेअर फुटांची फूटभर माती म्हणजे तीन ब्रास. ती निघाली तेव्हा गल्लीतली मुले ढिगाऱ्यावर चढून किल्ला खेळू लागली. खालची माती पाणी शिंपडून यंत्राने दाबली. मग खडी आणि मुरूम, पण एकदम नाही. आधी चार इंच, त्यावर पाणी, त्यावर दाब. मग पुन्हा चार इंच. एकदम आठ इंच टाकून वरून यंत्र फिरवले तर वरचा थर घट्ट होतो आणि खालचा पोकळ राहतो. खडीमधल्या पोकळ्या मुरमाने भरल्या गेल्या पाहिजेत, नाहीतर वरची रेती पहिल्याच पावसात त्या भोकांतून खाली उतरते. या थराला संपूर्ण दिवस लागला आणि दिवसाच्या शेवटी दाखवण्यासारखे काहीच नव्हते. भावाने व्हिडिओ कॉलवर पाहिले आणि विचारले, "अजून काहीच झालं नाही?"

खरे तर त्या दिवशीच सगळे झाले होते. अंगणाचा ढाळ याच थरात ठरतो, वरच्या रेतीत नाही. मुकादमाने पाण्याची नळी घेऊन लेव्हल काढली. पन्नास फुटांना एक फूट उतार, असा साधारण हिशेब. आधीचा ढाळ घरापासून फाटकाकडे होता, म्हणून पाणी थेट मावशींच्या ओट्याला जायचे. आता तो आडवा फिरवला. वीस फुटांच्या बाजूने, जांभळाच्या कोपऱ्याकडे, जवळजवळ पाच इंचांचा. जमिनीवर उभे राहिले तर तो उतार डोळ्याला जाणवतही नाही. पाण्याला मात्र बरोबर कळतो.

त्या कोपऱ्यात, घराच्या पायापासून दूर, शोषखड्डा खणला. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, चार फूट खोल. आत विटांचे तुकडे आणि दगड. मी वहीत गणित मांडले. अंगणावर एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे अठ्ठावीसशे लिटर पाणी होते, दोनशे लिटरची चौदा पिंपे. खड्ड्याच्या पोकळीत एका वेळी जेमतेम चारशे लिटर मावते. म्हणजे मुरायला मिळेल ते मुरेल आणि बाकीच्यासाठी वाट हवीच. मुकादमाने खड्ड्याच्या वरच्या अंगाला पाइप टाकून तो गल्लीच्या गटाराला जोडला. 'ब्लॉकच्या फटींतून सगळे पाणी जमिनीत जाते' असे विकणारे सांगतात. साध्या ब्लॉकमधून थोडेच जाते, आणि आपल्याकडच्या धो धो पावसात तर बहुतेक वरूनच वाहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तसला पाऊस कोणताही शोषखड्डा पिणार नाही.

झाडाभोवती तीन फुटांचे आळे मोकळे सोडले. याला नुसता खालाचा हट्ट कारण नव्हता. खोडाला भिडवून काँक्रीट केले तर मुळांना हवा-पाणी मिळत नाही. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला लावले होते ते यासाठीच. भावाला मी हेच सांगितले. तो काही बोलला नाही, पण झाडाचा विषय त्याने परत काढला नाही.

नंतर आली रेती, आणि तिच्यावरून थोडा वाद झाला. माल पोचवणाऱ्याने क्रशरची भुकटी आणली होती, तीच जी आधी वापरली होती. ती हातात घट्ट बसते म्हणून पक्की वाटते, पण तिच्यातली बारीक पूड पाणी धरून ठेवते आणि चिखल होते. मुकादमाने ती परत पाठवून धुतलेली जाड रेती मागवली. तिचा थर फक्त इंच-सव्वा इंच. दोन पाइप समांतर ठेवून त्यांवरून पट्टी ओढली की रेती पोळीसारखी एकसारखी पसरते. त्यावर कोणी पाय द्यायचा नाही, मांजरानेही नाही. खालच्या थरात खड्डा राहिला असेल तर तो जास्त रेती घालून भरायचा नाही. तिथे जास्त रेती म्हणजे पुढच्या वर्षीचा खड्डा.

मग कडा. याबद्दल मुकादम जे म्हणाला ते मी शाळेत सांगण्यासाठी लिहून ठेवले आहे. मी विचारले, "ब्लॉक तर रेतीवर नुसते ठेवले, चिकटवले नाहीत. मग हलत का नाहीत?" तो म्हणाला, "कबड्डी पाहिलीय का? साखळी धरतात तसं. एकाचा हात दुसऱ्यात. पण टोकाचा गडी पक्का लागतो." झिगझॅग ब्लॉकची कड शेजारच्या ब्लॉकच्या खाचेत बसते आणि मधली बारीक रेती दोघांना आवळून धरते. एका ब्लॉकवर आलेला भार असा दहा ब्लॉकांत वाटला जातो. पण कडेला अडवणारे काही नसेल तर सगळी साखळी हळूहळू बाहेर सरकते, फटी रुंदावतात, रेती निघून जाते. खालाच्या जुन्या अंगणाला तीन बाजूंनी भिंत होती आणि चौथ्या बाजूला, फाटकाशी, काहीच नव्हते. खचायला सुरुवात तिथूनच झाली होती. या वेळी फाटकाखाली आणि झाडाच्या आळ्याभोवती काँक्रीटमध्ये कडेचे दगड गाडले.

ब्लॉक बसवण्याचे काम मात्र दिवसाभरात झाले. दोरी ताणून पहिली रांग सरळ धरली की बाकीचे भराभर. नळाच्या मीटरभोवती तुकडे कापावे लागले. कापणारा मुलगा विशीचाही नसेल. कोरड्या ब्लॉकवर यंत्र लावताच तो धुळीने पांढरा झाला. ही साधी धूळ नाही. दगड-सिमेंटच्या अतिबारीक पुडीने फुप्फुसे कायमची निकामी होतात. खाणीतल्या आणि दगडकामातल्या मजुरांचा सिलिकोसिस तो हाच. खालाने त्याला थांबवले, नळाला पाइप लावून दिला आणि पाण्याची धार सोडून कापायला लावले, वर तोंडाला ओला रुमाल. आपल्या दारात काम चालू असताना एवढे तर आपण पाहू शकतो. पाणी आपलेच असते.

शेवटी ब्लॉकवरून यंत्र फिरवले, कोरडी बारीक रेती झाडूने फटींत भरली, पुन्हा यंत्र, पुन्हा रेती. शेजारचे एक गृहस्थ फाटकातून पाहत म्हणाले, "फटींत सिमेंट भरा, गवत येणार नाही." हा सल्ला आपल्याकडे फार दिला जातो. सिमेंट भरले की साखळीची लवचीकता जाते. जमीन जराशी हलली की ते भेगाळते, पाणी त्या भेगांतून आत शिरते आणि बाहेर यायला वाट उरत नाही. शिवाय पुढे एक ब्लॉक काढायचा तर चार फोडावे लागतात. मुकादम त्या गृहस्थांना फक्त "बरं, बरं" म्हणाला आणि रेती भरत राहिला.

आता ब्लॉकविषयी. जुने लाल-पिवळे खालाने परत वापरले नाहीत. ते पाण्याने निसरडे होत होते. रबरी साच्यातला गुळगुळीत ब्लॉक दुकानात सुंदर दिसतो, पण जिथे वजूचे पाणी सांडते, जिथे वयस्कर माणसे अनवाणी चालतात, तिथे खरखरीत पृष्ठभागच हवा. ते चकचकीत ब्लॉक आता मागच्या बाजूला कुंड्यांखाली आहेत. जाडीचा नियम ठरलेला आहे. भारतीय मानक १५६५८ मध्ये नुसत्या पायी वापरासाठी ५० मिलिमीटर, हलक्या वाहनांसाठी ६०, मध्यम वाहतुकीसाठी ८० आणि त्यापुढे १०० नि १२० मिलिमीटर अशी चढण आहे. अंगणात स्कूटर, कधी एखादी गाडी येते, म्हणून आम्ही ६० घेतले. मोरिवलीच्या कारखान्यांच्या दारात रोज भरलेले ट्रक वळतात. तिथे ६० चा ब्लॉक घालणे म्हणजे पैसे गटारात घालणे.

ब्लॉक पक्का आहे का हे पाहायला प्रयोगशाळा लागतेच असे नाही. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज यावा. एक फोडून पाहावा, आत भुगा होता कामा नये. आणि मला सर्वांत आवडलेली परीक्षा स्वयंपाकघरातली. ब्लॉक उन्हात चार-पाच दिवस कोरडा करून काट्यावर तोलायचा, चोवीस तास बादलीत बुडवायचा, पुसून पुन्हा तोलायचा. मानकाप्रमाणे पाणी सरासरी सहा टक्क्यांहून जास्त शोषले जाऊ नये. आमचा ब्लॉक साधारण साडेतीन किलोचा. म्हणजे दोनशे ग्रॅमच्या आसपास वाढ चालेल, चारशे वाढले तर माल परत. उन्हात वाळवणे हे भट्टीत वाळवण्याइतके अचूक नाही, पण खोटा माल पकडायला पुरेसे आहे. साधी भाजलेली वीट याच परीक्षेत वीस टक्क्यांपर्यंत पाणी प्यायली तरी मानकात बसते. म्हणूनच आपल्याकडच्या वीटभट्टीची वीट भिंतीला ठीक, पण पावसात उघड्या अंगणाला टिकत नाही. शेवाळते, झिजते, पोपडे निघतात. हॉलंडमध्ये शेकडो वर्षे रस्ते विटांचे होते, पण ती कडक भाजलेली वेगळी वीट. दुसऱ्या महायुद्धात तिथली शहरे बेचिराख झाली, विटांचा तुटवडा पडला आणि सिमेंटचे ब्लॉक विटेच्या जागी आले. आज मोरिवलीच्या गल्लीत आपण ज्यावर चालतो त्याची कुळकथा अशी आहे.

भावाचा एक मुद्दा रास्त होता. "इकडे शारजात इंटरलॉक घराघरांत आहे, वर्षानुवर्षं हलत नाही," तो म्हणायचा. तिथे पाऊस वर्षभरात अगदीच थोडा होतो. आखाताचा इंटरलॉक आणि कोकणाचा ब्लॉक दिसायला सख्खे भाऊ, पण एक कोरड्यात वाढलेला आणि दुसऱ्याला चार महिने पाण्यात उभे राहायचे आहे. आणि ब्लॉक वाईटच, असेही नाही. मुंबईत डांबरी रस्त्यातले खड्डे ब्लॉकने बुजवले गेले; ना खाली थर, ना कडेला आधार, वरून बसचे ब्रेक. ते उखडले, लोक घसरून पडले, आणि महापालिकेला मोठ्या रस्त्यांवर ब्लॉक नको असे म्हणावे लागले. बदनाम ब्लॉक झाला.

देखभाल फारशी नाही, पण वेळेवर हवी. मृगाआधी फटींत डोकावून रेती भरून घ्यायची. आमच्या अंगणाला दोन घमेली पुरली. पावसाळ्यात शेवाळ आले तर ताठ ब्रशने आणि गरम पाण्याने घासायचे. ऍसिड ओतू नये, ते शेवाळासोबत सिमेंटही खाते. जोराच्या फवाऱ्याने धुवायची हौस असते काहींना, त्यात फटींतली रेती उडून जाते. पहिल्या महिन्यांत ब्लॉकवर पांढरा लोणा येतो. तो खराब मालाचा पुरावा नाही, दोन पावसांत आपोआप जातो. गवत कोवळे असतानाच उपटावे. आणि मोरिवलीकरांच्या ओळखीचा एक शत्रू आहे, घूस. गटाराच्या बाजूने ती खाली बीळ करते आणि वरून काही दिसत नाही, एक दिवस ब्लॉक पोकळ वाजतो. तेवढेच ब्लॉक उचलून बीळ दगड-काँक्रीटने बुजवायचे आणि पुन्हा बसवायचे. वाजवून पाहण्याचे काम खालाने काठीवर सोपवले आहे. मगरिबनंतर ती अंगणात फेऱ्या मारते तेव्हा टक् टक् ऐकू येते.

जुलैत दोन दिवस संततधार लागली होती. खालाने फोनवर सांगितले की पाणी जांभळाकडेच गेले, खड्डा भरला, पाइप वाहिला. मावशींचा ओटा कोरडा होता. त्या आठवड्यात त्यांच्याकडून तांदळाच्या भाकऱ्या आल्या, आठ-दहा, पदराखाली झाकून. "तुझा हात दुखतो ना," एवढेच म्हणाल्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा गेले तेव्हा फाटकाजवळ नळाची लाइन फुटली होती. काँक्रीट असते तर ड्रिल मशीन, मलबा आणि नंतर ठिगळ. प्लंबरने कडेचा एक ब्लॉक पातळ छिन्नीने उचलला, मग बाकीचे हातानेच निघाले. चोवीस ब्लॉक. खालाच्या नातीने प्रत्येकावर खडूने आकडा घातला आणि ओळीने मांडून ठेवले. पाइप जोडला, खडी पुन्हा ठोकली, रेती ओढली आणि असरच्या आत अंगण होते तसे झाले. चौदा आणि पंधरा नंबरच्या ब्लॉकची अदलाबदल झाली आहे, असे ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.